भोपळ्याची कोवळी फळं पिवळी पडून गळतात? आधी गळलेलं फळ कापून बघा

दरवर्षी हीच तक्रार कानावर येते. वेल कुंपणावरून शेजाऱ्याच्या परसात उतरलेला असतो, पानं ताटाएवढी, रोज सकाळी फुलांची रांग, आणि फळ मात्र लिंबाएवढं होतं, टोकाकडून पिवळं पडतं आणि गळतं. एखादं वाचलंच तर मुठीएवढं झाल्यावर आतून सडतं. गावठी तांबड्या भोपळ्याचं हे होतंच, पण बाहेरगावच्या नातेवाइकांनी बियांचं पाकीट आणून दिलेल्या छोट्या पाय-भोपळ्यांचं (पाय, इंग्रजीत pie, म्हणजे गर भरून भाजलेला गोड पदार्थ), म्हणजे 'स्मॉल शुगर' किंवा 'न्यू इंग्लंड पाय' या नावाने येणाऱ्या दोन-तीन किलोच्या गोड भोपळ्याचं, जास्तच होतं. नाताळात पाय करायचा बेत ठरलेला असतो आणि नोव्हेंबर संपत आला तरी वेलावर धड एक फळ नसतं.

मग उपाय सुरू होतात. कुणी युरिया घालतं, कुणी मासळी धुतलेलं पाणी रोज मुळाशी ओततं, कुणी दुकानातून कीटकनाशक आणून भर सकाळी फुलांवर फवारतं. यातल्या एकेका उपायाने फळगळ थांबायच्या ऐवजी वाढते, कारण गळ कशाने होतेय हे कुणी पाहिलेलंच नसतं. कारणं चार-पाच आहेत आणि लांबून ती सगळी सारखीच दिसतात. म्हणून माझं सांगणं एवढंच असतं: गळलेलं फळ केराच्या खड्ड्यात टाकू नका. सुरी घ्या आणि देठापासून टोकापर्यंत उभं कापा. पुढे काय करायचं ते त्या दोन फाकांवरून ठरवा.

कापल्यावर काय दिसतं

आतला गर पांढरट, घट्ट आणि स्वच्छ असेल, बियांच्या जागी नुसते चपटे रिकामे पापुद्रे असतील, कुठेही अळी नाही, वास नाही, तर त्या फळाचं परागीभवन झालेलं नाही. असं फळ फूल मिटल्यावर तीन-चार दिवसांतच वाढायचं थांबतं आणि आठवड्याच्या आत गळतं. आमच्या गोव्यातल्या फोंड्याकडच्या परसांत मी जी गळलेली फळं कापून पाहते, त्यांत हाच प्रकार सगळ्यांत जास्त असतो.

सालीवर डिंकाचा एखादा थेंब वाळलेला दिसला तर तो नखाने काढा. खाली बारीक छिद्र असतं. तिथून फळ कापलं की आत तपकिरी, ओलसर वाटा आणि पांढऱ्या, बिनपायाच्या अळ्या. त्यातली एखादी मोठी अळी काढून स्टीलच्या ताटलीत ठेवा: ती अंगाची कमान करते आणि टुणकन उडी मारते. अशी उडी मारणारी अळी दिसली की ती फळमाशीची, शंका नको.

फळाच्या टोकाला वाळलेलं फूल तसंच चिकटलेलं, तिथून पाणचट काळपट सड वर चढत गेलेली, आणि सडलेल्या भागावर करड्या केसांची लव, प्रत्येक केसाच्या टोकाला काळा ठिपका. टाचण्या खोचलेल्या उशीसारखी ती बुरशी दिसते. तिचं नाव कोएनेफोरा. पावसाळ्यात ती आधी मिटलेल्या फुलावर बसते आणि मग फुलातून फळात शिरते.

टोकाचा भाग बसका, कोरडा, चामड्यासारखा कडक तपकिरी, पण बाकीचं फळ ठीक, तर फळाला कॅल्शियम पोचत नाही. त्यामागे बहुतेक वेळा पाण्याची अनियमितता असते.

आणि कधीकधी फळ कापल्यावर काहीच दोष सापडत नाही, बियाही भरायला लागलेल्या असतात. तेव्हा वेलावर आधी धरलेली फळं मोजा. त्याबद्दल शेवटी लिहिते.

परागीभवन: खरा प्रश्न बहुधा इथेच असतो

भोपळ्याच्या एकाच वेलावर नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात. नर फुलाचा देठ लांब, बारीक आणि सरळ. मादी फुलाचा देठ आखूड, आणि पाकळ्यांच्या खाली चिमुकला भोपळा आधीच दिसतो. पहिला आठवडाभर, कधी दोन आठवडे, नुसती नर फुलंच येतात. त्यात काळजीचं कारण नाही, त्यांची भजी करावीत. काळजी लागते ती पुढे, कारण मादी फुलाखालचा तो चिमुकला भोपळा पाहून आपण समजतो की फळ धरलं. ते अजून धरलेलं नसतं. पराग पोचले नाहीत तर वेल ते टाकून देतो, एवढंच.

फूल पहाटे उमलतं, दहा-अकराच्या सुमारास मिटतं आणि पुन्हा उमलत नाही. तेवढ्या वेळात काम व्हायला हवं. भोपळ्याचे पराग मोठे, जड आणि चिकट असतात, वाऱ्याने उडत नाहीत. मधमाशीच लागते, आणि एका फेरीत भागत नाही, पुष्कळ फेऱ्या लागतात. पराग अपुरे पडले तर फळ धरतं पण वाकडं वाढतं. कापलं तर एका अंगाला बिया टपोऱ्या आणि दुसऱ्या अंगाला रिकाम्या.

आता आपल्याकडचा पावसाळा डोळ्यांसमोर आणा. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत गोव्यात साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. सकाळी सहापासून दहापर्यंत धो-धो पाऊस असेल तर सातेरी मधमाशी बाहेर पडत नाही. उघड्या फुलात पाणी साचतं, पराग भिजले की फुटून निकामी होतात. वेल निरोगी, फुलं भरपूर, खत योग्य, तरीही एक फळ टिकत नाही. अशा वेळी खताची पिशवी उघडण्यात काही अर्थ नाही. परागीभवन हाताने करायला हवं.

पावसाळ्यात त्याची तयारी आदल्या संध्याकाळपासून करायची. उद्या उमलणारी कळी ओळखता येते: तिच्या टोकाचा हिरवेपणा जाऊन ती पिवळी होते आणि जराशी सैल पडते. अशा तीन-चार नर कळ्या लांब देठासकट खुडा आणि पेल्यात पाणी घालून त्यात उभ्या करून सोप्यावर ठेवा. पहाटे त्या घरातच उमलतात आणि त्यांचे पराग कोरडे ठणठणीत मिळतात. उद्याच्या मादी कळीवर पाणी साचू नये म्हणून तिच्यावर प्लास्टिकचा पेला उपडा बांधा किंवा चुडताचा, म्हणजे नारळाच्या झावळीचा, तुकडा पावसाला आडवा येईल असा लावा.

सकाळी साडेसहा ते आठ ही वेळ उत्तम. नर फुलाच्या मधल्या दांड्यावर बोट फिरवा, बोटाला पिवळी भुकटी लागली पाहिजे. लागली नाही तर ते फूल बाजूला ठेवा. पाकळ्या सोलून काढा, दांडा उघडा करा. मादी फुलाच्या मध्यभागी कुक्षीचे, म्हणजे पराग घेणाऱ्या भागाचे, फुगीर लोळ असतात, त्या प्रत्येकावर दांडा हलक्या हाताने फिरवा. एकाच बाजूला चोळून थांबू नका, नाहीतर फळ वाकडं होतं. एका मादी फुलाला दोन नर फुलं वापरावीत, तीन असली तर आणखी चांगलं. मग मादी फुलाच्या पाकळ्या एकत्र मिटून वर सैलसा दोरा बांधा, म्हणजे पाऊस आत जात नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी फळाचा देठ जाड झालेला, फळ चकाकणारं आणि फुगलेलं दिसलं की ते धरलं.

पाय-भोपळा लावणाऱ्यांना एक गोष्ट आवर्जून सांगते, कारण ती कुणी सांगत नाही. आपला गावठी तांबडा भोपळा आणि हा पाय-भोपळा या वेगळ्या जाती आहेत. गावठी भोपळा कुकुर्बिटा मोस्चाटा, पाय-भोपळा कुकुर्बिटा पेपो. आज आपल्या वेलावर नर फूल नाही म्हणून शेजारच्या मावशींच्या मांडवावरचं फूल आणून लावलं तर फळ धरेल याचा भरवसा नाही. दोन्ही जातींचा संकर सहजासहजी होत नाही. झुकिनी मात्र पेपोच आहे, तिचं नर फूल चालतं. म्हणून पाय-भोपळ्याचा एकच वेल लावू नये. तीन-चार लावले की एकाच सकाळी नर आणि मादी दोन्ही फुलं हाताशी मिळण्याची शक्यता वाढते.

दुसऱ्याचा पराग लागला म्हणून यंदाच्या फळाचा गर पचपचीत होतो, असंही लोक म्हणतात. तसं होत नाही. संकराचा परिणाम बियांत उतरतो आणि त्या बी पेरल्यावर पुढच्या वर्षी दिसतो.

नुसती नर फुलंच महिनाभर येत राहिली तर नत्र (नायट्रोजन) जास्त झालं आहे का ते पाहा. युरिया, ताजं कोंबडीखत, मासळीचं पाणी, ही सगळी पानं वाढवतात. फुलं सुरू झाल्यावर ती बंद करावीत आणि चुलीतली राख मूठभर मुळांपासून जरा लांब पसरून मातीत मिसळावी. तिच्यातून पालाश (पोटॅश) मिळतं. आणि कोणतंही औषध, अगदी कडुनिंबाचं तेलसुद्धा, फवारायचं असेल तर फुलं मिटल्यावर, संध्याकाळी. सकाळी फवारलं की ज्या मधमाशीची आपण वाट पाहत असतो तीच मरते.

फळमाशी

अळी सापडली असेल तर हाताने परागीभवन करून उपयोग नाही, कारण धरलेल्या फळालाच माशी टोचते. तिचं काम कसं चालतं हे कळलं की उपाय आपोआप सुचतात. मादी माशी कोवळ्या सालीखाली अंडी घालते. एक-दोन दिवसांत अळी निघते, गर खाते, फळ गळतं. पूर्ण वाढलेली अळी फळातून बाहेर पडून वरच्या काही इंच मातीत कोष करते आणि आठ-दहा दिवसांत त्यातून नवी माशी निघते. म्हणजे वेलाखाली पडू दिलेलं प्रत्येक फळ पुढच्या पंधरवड्याच्या माश्या तयार करतं.

त्यामुळे पहिला उपाय फुकटचा आहे आणि तोच लोक टाळतात. गळलेली आणि टोचलेली फळं रोज उचला. खतखड्ड्यात टाकू नका, तिथे अळ्या आरामात कोष करतात. जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधून उन्हात ठेवा, किंवा साबणाच्या पाण्याच्या बादलीत बुडवून दोन दिवसांनी खोल पुरा. वेलाखालची माती अधूनमधून खुरप्याने हलवा म्हणजे कोष वर येतात आणि कोंबड्या व पक्षी ते टिपतात.

दुसरा उपाय सापळ्याचा, आणि इथे मोठी गल्लत होते. गोव्यात आंब्याची झाडं घरोघर असल्यामुळे लोकांकडे आंब्याच्या फळमाशीचा सापळा आधीच असतो. तोच भोपळ्याच्या मांडवाला टांगतात आणि म्हणतात, सापळ्यात माश्या भरल्यात तरी भोपळा सडतोच. आंब्याच्या सापळ्यात मिथाइल युजेनॉल असतं. त्याला आंब्याची माशी येते. काकडी, दोडका, भोपळा यांच्यावरची माशी वेगळी, तिच्यासाठी क्यू-ल्यूर लागतं. दुकानात "वेलभाज्यांचा सापळा" असं स्पष्ट सांगा आणि पाकिटावर क्यू-ल्यूर लिहिलंय का ते वाचून घ्या. या सापळ्यातही नरच अडकतात, त्यामुळे तो फुलं सुरू व्हायच्या आधीपासून लावावा. अंडी भरलेली मादी फळावर बसू लागल्यावर सापळा टांगून फार फरक पडत नाही.

तिसरा उपाय घरच्या चार वेलांसाठी सगळ्यांत खात्रीचा: पिशवी. फळ धरलं असं दिसताच, म्हणजे परागीभवनानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी, त्याला पिशवी चढवा. कोरड्या महिन्यांत वर्तमानपत्राच्या दुहेरी कागदाची चालते. पावसात कागदाचा लगदा होतो, तेव्हा जुन्या मलमलीची किंवा बारीक नायलॉन जाळीची शिवून घ्या, फळ वाढेल एवढी सैल आणि देठाशी दोरीने आवळलेली. कापड फळाला घट्ट चिकटलं तर माशी त्याच्यातूनही टोचते. साल कडक होईपर्यंत पिशवी राहू द्या.

टोकाकडून येणारी सड

कोएनेफोरावर फवारणीपेक्षा हवा जास्त कामाची. वेल जमिनीवर पसरू न देता मांडवावर चढवा. पाय-भोपळा लहान असल्यामुळे मांडवाला भार होत नाही, फक्त फळ मुठीपेक्षा मोठं झालं की जुन्या साडीच्या पट्टीची झोळी करून खालून आधार द्या. पाऊस उघडला की फळाच्या टोकाला चिकटलेलं मिटलेलं फूल हलकेच चिमटीने काढून टाका. ही बुरशी तिथूनच आत येते, म्हणून या एका गोष्टीने पुष्कळ फळं वाचतात. मातीजवळची जुनी पानं कापा. वेल जमिनीवरच असेल तर फळाखाली फुटकं कौल किंवा नारळाची करवंटी उपडी ठेवा.

कोरडी, चामड्यासारखी सड वेगळी. आपली जांभी माती आम्ल असते, पावसाने तिच्यातला चुना वाहून जातो. खड्डा भरताना, बी लावण्याच्या दोन-तीन आठवडे आधी, त्यात मूठभर शेतीचा चुना मिसळावा. ताज्या शेणखताबरोबर तो एकाच दिवशी घालू नये. पण नुसत्या चुन्याने भागत नाही. डिसेंबर-जानेवारीत चार दिवस पाणी विसरायचं आणि पाचव्या दिवशी बादल्या ओतायच्या, असं केलं तर चुना असूनही टोकं काळी पडतात. रोज किंवा एक दिवसाआड सारखं पाणी आणि मुळाशी चुडताचं किंवा पालापाचोळ्याचं आच्छादन. माती नक्की किती आम्ल आहे हे कळायला नमुना तालुक्याच्या विभागीय कृषी कार्यालयात नेऊन द्यावा.

लावायचा महिना बदला

वरचे सगळे उपाय करूनही पाय-भोपळा साधत नसेल तर तो बहुतेक चुकीच्या महिन्यात लावलेला असतो. आपल्याकडे भोपळा म्हटलं की मिरगाच्या पावसाबरोबर बी टोचायची सवय, म्हणजे चवथीच्या सुमारास फळं हाताशी येतात. गावठी मोस्चाटा ही दमट, उष्ण मुलखाची जात आहे, ती हे झेलते. पेपो झेलत नाही. शिवाय उष्ण रात्री आणि मोठे दिवस असले की नर फुलं जास्त येतात, थंडावा आणि लहान दिवस असले की मादी फुलं वाढतात. गोव्यात जूनच्या शेवटी दिवस सुमारे १३ तासांचा असतो, डिसेंबरात सव्वाअकरा तासांचा. फरक छोटा वाटला तरी पावसाळ्यातली ढगाळ हवा त्यात मिळवली की वेल नुसत्या नर फुलांवर अडून बसतो.

'स्मॉल शुगर'ला बी लावल्यापासून पक्वतेपर्यंत साधारण १०० दिवस लागतात. नाताळापासून उलटं मोजलं तर बी सप्टेंबरच्या मध्याला पडायला हवं. त्या वेळी पाऊस असतोच, म्हणून बी थेट परसात न टोचता पावळीपासून आत, उजेडाच्या जागी, मातीच्या पिशव्यांत लावा. दोन-तीन खरी पानं आली की मुळांचा गोळा न फोडता, वीतभर उंच केलेल्या आळ्यावर रोप हलवा. रोपं कोवळी असताना तांबडे भुंगेरे पानांची चाळण करतात; सकाळी लवकर ते सुस्त असतात तेव्हा हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाका. अशा रोपाची मादी फुलं नोव्हेंबरच्या आसपास उमलतात, सकाळ कोरडी असते, मधमाश्या फिरत असतात आणि हाताने परागीभवन करायची वेळ क्वचितच येते. जानेवारीत पानांवर भुरी, म्हणजे पांढऱ्या भुकटीसारखी बुरशी, दिसेल. तोवर फळं भरलेली असतात, सगळ्यांत खराब पानं काढून वेल पुढे चालू द्यावा.

फेब्रुवारीत लावून एप्रिल-मेच्या उकाड्यात पाय-भोपळा घेण्याचा खटाटोप मी कुणाला सुचवत नाही. त्या दिवसांत पराग लवकर निकामी होतात आणि फळमाशीही जोरात असते. पाणी भरपूर असेल तर त्या हंगामात गावठी भोपळाच लावावा.

फळ निरोगी, तरी गळलं

आता राहिलं ते शेवटचं. कापलेलं फळ स्वच्छ, बिया भरायला लागलेल्या, अळी नाही, सड नाही, आणि वेलावर आधीची दोन-तीन फळं जोमाने वाढताहेत. इथे वेल आपण होऊन विरळणी करतो आहे. पाय-भोपळ्याचा एक वेल आपल्या परसातल्या खतपाण्यावर दोन ते चार फळं चांगली पोसतो. जास्त धरली तर नवी टाकतो किंवा सगळीच लहान आणि अगोड राहतात. अशा गळीवर औषध नको. तिसरं-चौथं फळ मुठीएवढं झालं की त्याच्या पुढची दोन-तीन पानं ठेवून शेंडा खुडा आणि त्यानंतर येणारी मादी फुलं उमलायच्या आधीच भाजीला काढा.